नडगी दुखतेय, तरी धावायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय 34, दिवसभर बसून काम. तीन आठवड्यांपूर्वी धावायला सुरुवात केली. आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी 4 किलोमीटर. त्याआधी बरीच वर्षं काहीच व्यायाम नव्हता. आता दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतात. धावायला लागलं की सुरुवातीला जास्त दुखतं, मग अंग गरम झालं की कमी होतं आणि संध्याकाळी जिना उतरताना पुन्हा ठणका लागतो. कुणी म्हणतं सवय होईल, धावत राहा. कुणी म्हणतं महिनाभर पूर्ण विश्रांती घे. दोन महिन्यांनी 5 किलोमीटरच्या धावण्यात भाग घ्यायचा होता. काय करू?"

दोन्ही सल्ल्यांपैकी एकही पाळू नका. दुखणं दाबून धावत राहिलात तर हाडाला बारीक चीर जाण्यापर्यंत मजल जाऊ शकते. महिनाभर पायांना पूर्ण आराम दिलात तर दुखणं थांबेल, पण पुन्हा धावायला लागलात की चार-आठ दिवसांत परत येईल. कारण ज्या हाडाला आणि पोटरीला भार सोसायला शिकायचं आहे, ती त्या महिन्यात जागची हललेली नसतील, उलट थोडी कमजोरच झालेली असतील. फिजिओथेरपिस्ट म्हणून नव्याने व्यायाम सुरू केलेल्या माणसांचे पाय मी वर्षानुवर्षं तपासत आले आहे. तुम्ही लिहिलंय तशी तक्रार त्यांच्यात फार नेहमीची आहे आणि बहुतेकांची पूर्ण बरीही होते. मात्र भार किती कमी करायचा आणि पुन्हा कसा वाढवायचा, याचा हिशेब नीट बसवावा लागतो.

तुमच्या वर्णनावरून हे ‘शिन स्प्लिंट्स’ असण्याची शक्यता सर्वात जास्त आहे. वैद्यकीय नाव मेडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम, म्हणजे नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवर वारंवार ताण पडून होणारं दुखणं. पण नडगी दुखण्याची कारणं एकाहून जास्त आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. म्हणून आधी घरच्या घरी एक तपासणी करा.

खुर्चीत बसा. एक पाय उचलून त्याचा घोटा दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर ठेवा. आता नडगीची आतली बाजू तुमच्या समोर आली. घोट्याच्या आतल्या उंचवट्यापासून सुरुवात करा आणि अंगठ्याने बोट-बोट अंतर ठेवत गुडघ्याच्या दिशेने दाबत वर या. दाबायचं ते समोरच्या धारदार कडेवर नाही. त्याच्या मागची कड, जिथे हाड संपतं आणि पोटरीचा मऊ भाग सुरू होतो, तिथे. दाब सगळीकडे सारखा ठेवा, अंगठ्याचं नख किंचित पांढरं पडेल इतका. जिथे दुखायला लागलं तिथे पेनाने खूण करा, जिथे थांबलं तिथे दुसरी. मग दोन खुणांमधलं अंतर पट्टीने मोजा. दुसऱ्या पायावरही हेच करा.

दुखरा पट्टा 5 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असेल, नडगीच्या खालच्या अर्ध्या भागात असेल आणि अंगठा पुढे सरकवत नेला तरी दुखणं थोडंफार सारखंच लागत असेल, तर शिन स्प्लिंट्स धरून चालायला हरकत नाही. तुमचं दुखणं अंग गरम झाल्यावर कमी होतं आणि दोन्ही पायांत आहे, हेही त्याच बाजूचे पुरावे आहेत.

पण एखाद्या ठिकाणी, बोटाच्या टोकाखाली मावेल एवढ्याच जागेत, दाबल्याबरोबर तुम्ही पाय झटकन मागे घेतलात, तर थांबा. हाडावर एकाच बिंदूत असलेलं असं दुखणं स्ट्रेस फ्रॅक्चरचं, म्हणजे ताणाने पडलेल्या बारीक चिरेचं असू शकतं. ते धावताना कमी होत नाही, वाढत जातं. पुढे पुढे साधं चालतानाही दुखतं, रात्री अंथरुणात पडल्यावरही ठसठसतं. बहुतेक वेळा एकाच पायात असतं. अशा वेळी ‘एका पायावर उड्या मारून बघू या’ असं स्वतःच्या मनाने करू नका. ती चाचणी तपासणाऱ्यासमोरच करावी.

एका शिक्षिकेची गोष्ट सांगते, कारण तिच्यात हा फरक अगदी स्पष्ट दिसला. दोरीच्या उड्यांचा सराव तिने महिनाभर मन लावून केला होता. ‘नडगी दुखते’ म्हणून आली. कुठे दुखतं असं विचारलं, तर सगळा हात फिरवण्याऐवजी तिने तर्जनी एका जागी टेकवली आणि तिथेच धरून ठेवली. शिन स्प्लिंट्सचा माणूस बहुधा तळहात नडगीवरून वर-खाली फिरवतो. आठवड्यापूर्वी काढलेल्या एक्स-रेत काही दिसलं नव्हतं, म्हणून तिने उड्या चालूच ठेवल्या होत्या. मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी एमआरआय केला आणि त्यात चीर दिसली. स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे अनेकदा नॉर्मल येतो. चिरेभोवती नवं हाड तयार व्हायला लागल्यावर ती एक्स-रेत उमटते, कधी कधी तेव्हाही नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणजे ‘हाड ठीक आहे’ असं होत नाही. ज्याला एका बिंदूत दुखतं, त्याने या वाक्यावर विसंबून धावू नये.

आणखी दोन प्रकार थोडक्यात सांगते. नडगीच्या बाहेरच्या बाजूला, हाडाला लागून जो मांसल भाग आहे, तिथे जळजळ आणि थकल्यासारखं वाटत असेल तर तो पाऊल वर उचलणारा स्नायू आहे, टिबियालिस अँटिरिअर. झपाझप चालायला सुरुवात केलेल्यांना, ट्रेडमिलला एकदम चढ देणाऱ्यांना आणि उतारावरून धावणाऱ्यांना तो हमखास दुखतो. हे बहुधा न सरावलेल्या स्नायूचं साधं दुखणं असतं. वेग आणि चढ-उतार कमी केला की काही दिवसांत निवळतं.

दुसरा प्रकार वेगळा आणि सहसा उशिरा ओळखला जाणारा. धावायला लागून ठराविक वेळ झाली, समजा दहा मिनिटं, की पाय आतून आवळल्यासारखा, फुगून टणक झाल्यासारखा होतो. कधी अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात बधिरपणा येतो, पाऊल नीट उचलत नाही आणि जमिनीवर आपटतं. थांबलं की अर्ध्या तासाच्या आत सगळं जवळपास पूर्ववत. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळेला तेच. हाड दाबून दुखत नाही. हा क्रॉनिक एक्झर्शनल कंपार्टमेंट सिंड्रोम असू शकतो. पायातले स्नायू घट्ट आवरणांच्या कप्प्यांत असतात आणि व्यायामात त्या कप्प्यातला दाब गरजेपेक्षा जास्त वाढतो. व्यायामाआधी आणि नंतर सुईने तो दाब मोजून निदान पक्कं करतात. खाली जी योजना सांगणार आहे ती या दुखण्याला पुरेशी नाही, म्हणून तुमची लक्षणं अशी असतील तर तज्ज्ञांना दाखवाच.

आता तुमच्याच पायाकडे वळू. तिसऱ्या आठवड्यातच का दुखायला लागलं, हे समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे नियम का आहेत ते आपोआप पटेल.

व्यायाम सुरू केला की सगळ्यात आधी हृदय आणि रक्ताभिसरण सुधारतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, धाप कमी लागते, तेच अंतर सोपं वाटायला लागतं. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढायला लागते. हाड मात्र फार सावकाश बदलतं. भार वाढला की हाड आधी स्वतःचा थकलेला, सूक्ष्म भेगा पडलेला भाग खरवडून काढतं. हे काम ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी करतात आणि त्याला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी तिथे नवं हाड भरतात. ते भरून पक्कं व्हायला सुमारे तीन महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात, जुनं काढलेलं आहे आणि नवं अजून भरलेलं नाही, अशा अवस्थेत ते हाड नेहमीपेक्षा कच्चं असतं. आणि नेमक्या त्याच काळात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दम वाढलेला असतो, उत्साह भरपूर असतो, आणि माणूस अंतर वाढवतो. नव्याने धावणाऱ्यांच्या बहुतेक नडग्या या फटीत सापडतात.

भाराप्रमाणे हाड स्वतःची रचना बदलतं, हा नियम जर्मन शल्यविशारद ज्युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडला. त्याच्याही आधी, 1855 मध्ये, ब्रायटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लांब कवायती करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद केली होती. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता. पुढे कळलं की त्यातल्या अनेकांच्या पावलांच्या हाडांना चिरा गेलेल्या असत. आजही सैन्यात नव्याने भरती झालेल्यांचे पाय प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच जास्त दुखावतात. धडधाकट तरुणांचीही हीच गत असेल, तर वर्षानुवर्षं बसून काम केलेल्या माणसाने ‘माझंच शरीर कमजोर’ असं वाटून घ्यायचं काहीच कारण नाही.

तुमचा हिशेब मांडून पाहा. 4 किलोमीटर धावायला साडेचार हजारांच्या आसपास पावलं पडतात, म्हणजे एकेका पायावर दोन हजारांहून जास्त. धावताना प्रत्येक पाऊल टेकताना जमिनीकडून येणारा जोर शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट असतो. पाच दिवसांचे मिळून एका पायावर आठवड्याला दहा हजारांहून जास्त धक्के. तीन आठवड्यांपूर्वी हा आकडा शून्य होता.

आणि दुखतं तिथेच का? नडगीचं हाड मधला आणि खालचा तिसरा भाग जिथे मिळतो तिथे सर्वात बारीक असतं. प्रत्येक पावलाला ते अगदी किंचित वाकतं. ते जास्त वाकू नये म्हणून पोटरीचे स्नायू, विशेषतः खोल असलेला सोलियस, त्याला मागून आवळून धरतात. पोटरी थकली की ही पकड सैल होते आणि हाडावरचा ताण वाढतो. म्हणून पोटरीची ताकद हा या दुखण्यावरचा माझ्या मते सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात दुर्लक्षित उपाय आहे. लोक बूट बदलतात, पट्ट्या बांधतात, बर्फ लावतात, पण एका पायावर दहा वेळा टाच उचलून बघा म्हटलं की सातव्या वेळेला लटपटतात.

तर आता करायचं काय.

पुढचे दहा ते चौदा दिवस धावणं बंद. दोरीच्या उड्या, उड्यांचा कोणताही व्यायाम, जिने धावत चढणं-उतरणं हेही बंद. चालणं बंद नाही. सपाट जागेवर, दुखत नसेल इतकं चाला. दम टिकवण्यासाठी सायकल किंवा पोहणं वापरा, दोन्हींत नडगीवर धक्का येत नाही. सायकलवर बसून आठवड्याला तीन-चार वेळा घाम निघेपर्यंत व्यायाम केलात तर धावायला परत आल्यावर दम गेलेला नसतो. हे मुद्दाम सांगते, कारण ‘थांबलो तर सगळं वाया जाईल’ ही भीतीच लोकांना दुखऱ्या पायाने धावायला लावते.

या काळात दुखण्याची नोंद ठेवा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. दिवसातून तीनदा आकडा लिहायचा: व्यायाम करताना, संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठल्यावरच्या पहिल्या काही पावलांना. तिसरा आकडा सर्वात खरा. व्यायाम करताना दोनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी कालच्यापेक्षा जास्त नसेल, तर झालेला भार पायाने पचवला. सकाळी वाढलेलं असेल, तर कालचा भार जास्त झाला, मग व्यायाम करताना कितीही बरं वाटलेलं असो. तुमच्या बाबतीत अंग गरम झाल्यावर दुखणं कमी होतं, त्यावर तुम्ही भरवसा ठेवलात. तिथे फसगत होते. गरम अंगात दुखणं दबतं, हाडावरचा ताण कमी होत नाही.

बर्फ दहा-पंधरा मिनिटं, कापडात गुंडाळून लावलात तर ठणका कमी होतो. त्याने बरं व्हायचा वेग वाढत नाही, पण आराम मिळतो आणि तेवढ्यासाठी लावायला हरकत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन धावायला मात्र कधीही जाऊ नका. तुमच्याकडे भार मोजायचं एकच साधन आहे, ते म्हणजे दुखणं, आणि गोळी नेमकं तेच बंद करते. मालिश करायचं तर पोटरीच्या मांसल भागाला, हलक्या हाताने. हाडाच्या कडेवर अंगठ्याने किंवा रोलरने रगडून ‘गाठ मोडायची’ पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. तिथे गाठ नसते, चिडलेलं हाड आणि त्याचं आवरण असतं. रगडल्याने ते आणखी चिडतं. पायाला घट्ट बसणारे मोजे घालून बरं वाटत असेल तर घाला, नसेल तर पैसे घालवू नका.

ताकदीचे व्यायाम पहिल्या दिवसापासून सुरू करायचे, धावणं परत सुरू होईपर्यंत वाट बघायची नाही.

भिंतीला बोटं टेकवून उभे राहा, आधारापुरतीच, वजन हातांवर द्यायचं नाही. दोन्ही टाचा उचला, वर क्षणभर थांबा, तीन आकडे मोजत खाली या. पंधरा वेळा, मध्ये एक-दोन मिनिटं थांबून असे तीन फेरे, एक दिवसाआड. यात तीन गोष्टींकडे बघा. टाच वर जाताना घोटा बाहेर कलून सगळं वजन करंगळीवर जातंय का? वजन अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बुडावर राहायला हवं. अंग पुढे झुकतंय का? झुकलं की पोटरीचं काम शरीराचा झोका करतो. आणि खाली येताना टाच धपकन पडतेय का? हळू उतरण्यातच अर्धं काम आहे. हे सोपं झालं की एका पायावर करा. एका पायावर सलग वीस ते पंचवीस वेळा, शेवटची टाच पहिलीइतकीच उंच, हे तुमचं ध्येय. तिथे पोहोचायला दीड-दोन महिने लागू शकतात.

दुसरा व्यायाम हाच, पण गुडघे वाकवून. गुडघा सरळ असताना पोटरीचा वरचा मोठा स्नायू जास्त काम करतो. गुडघा वाकवला की तो सैल पडतो आणि भार सोलियसवर येतो, जो तुम्हाला हवा आहे. खुर्चीत बसून, मांडीवर गुडघ्याजवळ वजन ठेवून टाचा उचलल्यात तरी चालेल. वजन जड हवं. पाण्याची बाटली पुरत नाही, भरलेली बॅग ठेवा. धावताना सोलियसवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट जोर येतो, त्यामुळे हलक्या-फुलक्या व्यायामाने त्याची तयारी होत नाही.

तिसरा नडगीच्या पुढच्या स्नायूचा. भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून फूटभर पुढे ठेवून उभे राहा आणि गुडघे सरळ ठेवून चवडे वर उचला. पंधरा वेळा, तीन फेरे. कमरेच्या आणि मांडीच्या ताकदीसाठी एखादा व्यायाम जोडा, एका पायावर हळू अर्धवट बसून उठणं पुरेल. गुडघा आत कोसळत असेल तर आरशासमोर करा. पोटरी ताणायचे व्यायाम आवडत असतील तर करा, पण नुसतं स्ट्रेचिंग करून हे दुखणं टळतं असं मला कधी दिसलेलं नाही.

धावायला परत कधी? तारखेवर ठरवू नका. चार गोष्टी जमल्या की सुरू करा: अर्धा तास झपझप चालून काही दुखत नाही, दुसऱ्या सकाळीही नाही. त्या पेनाच्या खुणांमध्ये अंगठ्याने दाबलं तर जवळपास दुखत नाही. एका पायावर पंधरा-वीस वेळा टाच उचलता येते. आणि शेवटी, जागच्या जागी एका पायावर दहा हलक्या उड्या मारून दुखत नाही. ही उडीची चाचणी बाकीच्या तीन जमल्यानंतरच.

सुरुवात एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं अशी करा, आठ वेळा. म्हणजे एकूण धावणं आठच मिनिटं. फार कमी वाटेल, आणि तुमच्या दमाला ते कमीच आहे. पण आपण दमाची नाही, हाडाची तयारी करतोय. एक दिवसाआड, आठवड्यातून जास्तीत जास्त तीन वेळा. हाडातल्या पेशी भाराला सुरुवातीच्या थोड्या धक्क्यांत भरपूर प्रतिसाद देतात, मग त्या जणू बहिऱ्या होतात आणि त्यांची संवेदना परत यायला काही तास लागतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून एकदम लांब धावण्यापेक्षा थोडं थोडं आणि अंतर राखून धावणं हाडासाठी फायद्याचं. प्रत्येक टप्पा निदान दोनदा करा आणि सकाळचा आकडा वाढला नाही तरच पुढे जा: दोन मिनिटं धावणं आणि एक मिनिट चालणं, मग तीनाला एक, मग पाचाला एक, मग सलग दहा, पंधरा, वीस मिनिटं. दुखलं तर एक पायरी मागे. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका ठेवा, सगळं सुरळीत चाललेलं असलं तरी. आधी वेळ वाढवा, मग वेग, आणि चढ-उतार सगळ्यात शेवटी. एका आठवड्यात या तिन्हींपैकी एकच.

दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, हा नियम तुम्ही ऐकला असेल. ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे, पण कुठल्याही शरीराला टक्केवारी कळत नाही. सकाळचा आकडा त्याहून भरवशाचा.

वेळ किती लागेल, हे प्रामाणिकपणे सांगते. लवकर थांबलेल्यांना तीन-चार आठवडे पुरतात. महिनोन् महिने दुखण्यावर धावलेल्यांना तीन-चार महिनेही लागतात. तुम्ही तिसऱ्या आठवड्यातच विचारलंत, ही चांगली गोष्ट आहे. दोन महिन्यांनंतरच्या 5 किलोमीटरबद्दल म्हणाल, तर त्यात धावत-चालत भाग घेणं शक्य आहे, जर त्याआधीच्या आठवड्यात तुम्ही वीस मिनिटं सलग धावू शकत असाल आणि सकाळी पाय शांत असेल. ते जमलं नसेल तर त्या दिवशी पूर्ण अंतर चाला. त्या तारखेसाठी टप्पे गाळू नका. मी आजवर ज्यांना दुसऱ्यांदा हेच दुखणं घेऊन आलेलं पाहिलंय, त्यातल्या बहुतेकांनी कुठली तरी तारीख गाठायला टप्पे गाळले होते.

धावण्याच्या पद्धतीत एकच बदल सुचवते. एक मिनिट तुमची पावलं मोजा, दोन्ही पायांची. समजा 156 भरली. त्याच वेगाने धावताना ती 164 च्या आसपास न्या, म्हणजे साधारण पाच टक्के जास्त. पावलं आपोआप आखूड होतील, पाऊल शरीराच्या फार पुढे न पडता जवळ पडेल आणि प्रत्येक टेकणीचा धक्का कमी होईल. मोबाइलवर ठोक्यांचं अ‍ॅप लावलंत तर सोपं जातं. टाचेऐवजी चवड्यावर धावायचा प्रयत्न मात्र आत्ता करू नका. त्याने पोटरीवरचा भार एकदम वाढतो आणि तुमची पोटरी अजून त्यासाठी तयार नाही.

बुटांबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि सांगण्यासारखं सर्वात कमी आहे. पायाला आरामदायी वाटणारे, टाच झिजून एका बाजूला कललेले नसणारे बूट घ्या. 500 ते 800 किलोमीटर वापरून झाले की बदला. पातळ तळव्यांचे बूट किंवा अनवाणी धावणं हे एकदम सुरू करू नका. पाय आतल्या बाजूला फार पडत असेल, कमान खूप सपाट होत असेल, तर साधा मऊ इनसोल काहींना उपयोगी पडतो. महागडे, मापाने बनवलेले इनसोल पहिल्या टप्प्यात लागत नाहीत. धावण्याची जमीन कुठलीही चालेल, फक्त एका रात्रीत मातीवरून काँक्रीटवर जाऊ नका, आणि रस्त्याच्या एकाच बाजूच्या उतारावरून रोज धावू नका.

आता जे सांगणार आहे ते बहुतेक लोक नडगीशी जोडतच नाहीत. धावायला सुरुवात करणारे अनेक जण त्याच आठवड्यात खाणंही निम्म्यावर आणतात. हाडाला दुरुस्तीसाठी ऊर्जा, प्रथिनं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतं. व्यायाम वाढला आणि खाणं घटलं की शरीर काटकसर करतं, आणि त्या काटकसरीत हाडाची दुरुस्ती मागे पडते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला नाव देऊन खेळाडूंच्या डॉक्टरांना सावध केलं, पण ती काही फक्त खेळाडूंना होत नाही. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणं किंवा तीन महिने न येणं ही त्याची ठळक खूण आहे. ‘व्यायामाने असं होतंच’ असं म्हणून ती सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. पाळी थांबलेली, वजन घटत चाललेलं आणि नडगी एका बिंदूत दुखतेय, अशी तरुण मुलगी समोर आली की मला खरोखर काळजी वाटते, कारण तेव्हा प्रश्न एका नडगीचा नसतो. वजन कमी करायचं असेल तर सावकाश करा आणि दुखणं पूर्ण जाईपर्यंत कडक आहार पुढे ढकला. झोप कमी असेल तर ती वाढवा. धूम्रपानाने हाड भरून यायला उशीर होतो. आधी कधी स्ट्रेस फ्रॅक्चर झालं असेल, हाडं ठिसूळ असल्याचं निदान असेल किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील, तर धावण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

काही लक्षणांना घरचे उपाय नाहीत. एकाच पोटरीला सूज, ती गरम आणि लालसर, दाबल्यावर दुखते, विशेषतः लांबचा बसून प्रवास, शस्त्रक्रिया, गरोदरपण किंवा संप्रेरकांच्या गोळ्या यांच्या पार्श्वभूमीवर, तर रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी दाखवा. जोडीला धाप किंवा छातीत दुखणं असेल तर सरळ तातडीच्या विभागात जा. मार लागल्यावर किंवा खूप जास्त व्यायामानंतर पाय टणक होऊन, थांबल्यावरही वेदना वाढतच चालली, बोटं हलवली तरी कळ येते, बधिरपणा येतो, तर तासांत उपचार लागतात, थांबू नका. ताप आणि त्वचेवर पसरत जाणारी लाली, किंवा पाऊल अचानक थंड आणि फिकट पडणं, यांनाही तसंच धरा.

असं काही नसेल, पण दुखणं एका बिंदूत असेल, रात्री ठसठसत असेल, नडगीच्या अगदी समोरच्या कडेवर मध्यावर असेल, किंवा वरची योजना तीन आठवडे नीट पाळूनही सकाळचा आकडा खाली येत नसेल, तर हाडांच्या किंवा क्रीडावैद्यक डॉक्टरांना दाखवा. समोरच्या कडेवरची चीर कमी आढळते, पण ती भरायला अवघड असते, म्हणून तिथे उशीर परवडत नाही. जाताना पायावरच्या पेनाच्या खुणांचा फोटो, तुमच्या तीन आकड्यांची वही आणि ज्या बुटांत धावत होता ते बूट सोबत न्या. आधीच्या सहा आठवड्यांत किती धावलात, किती दिवस सुट्टी घेतली, तेही लिहून न्या. एवढं हातात असलं की तपासणाऱ्याला एमआरआय लागणार की नाही हे ठरवणं बरंच सोपं जातं.